रिकामी परतणारी गाडी

राउल हिलबर्ग टेबलाशी बसून एक कागद वाचताहेत. ठिकाण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं बर्लिंग्टन. तिथल्याच विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं. समोर आहे दिग्दर्शक क्लोद लान्झमान. कागद जर्मन रेल्वेचा, १९४२ सालचा, जर्मनव्याप्त पोलंडमधला: वेळापत्रक आदेश क्रमांक ५८७. त्यावर ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ असा शेरा आहे. ‘गुप्त’ असं कुठेच लिहिलेलं नाही. हिलबर्ग आधी इथेच थांबतात. एवढ्या भयंकर कामाच्या कागदावर गुप्ततेचा शिक्का कसा नाही, याचं त्यांनाही एकदा नवल वाटलं होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की शिक्का मारला असता तर मार्गावरच्या कुणा ना कुणा स्टेशन मास्तरने विचारलं असतं, ‘काय आहे बुवा या गाडीत?’ शिक्का नाही म्हणून कुतूहल नाही. रोजच्या डाकेत येणाऱ्या इतर कागदांसारखाच हाही एक.

मग ते रकाने वाचू लागतात. स्टेशनांची नावं, गाडी पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, डबे. शिद्वोव्येत्स या गावाहून भरलेली गाडी ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीला पोचते. काही तासांनी तीच गाडी ट्रेब्लिंकाहून निघते, आणि तिथे एक बारीकसं अक्षर आहे, ‘रिकामी’ या शब्दाचं आद्याक्षर. रिकामी गाडी पुढच्या गावी जाते, भरते, पुन्हा ट्रेब्लिंका, पुन्हा रिकामी. हिलबर्ग बोट फिरवत शांतपणे सांगत जातात. आवाज चढत नाही की कापत नाही. या एका कागदावर साधारण दहा हजार माणसांचा मृत्यू नोंदलेला असावा, असा अंदाज ते सांगतात. कागदावर मात्र मृत्यू नाही, ज्यू नाहीत, विषारी वायू नाही. फक्त गाडी येते आणि रिकामी जाते.

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या ‘शोआ’ या चित्रपटातलं हे दृश्य जेमतेम काही मिनिटांचं. सगळा चित्रपट साडेनऊ तासांच्या जवळपास आहे, १९८५ साली पॅरिसमध्ये प्रदर्शित झालेला. त्यातली गाजलेली दृश्यं वेगळी आहेत, त्यांच्याकडे मी येईनच. पण सबंध चित्रपटाची गुरुकिल्ली कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी या टेबलाकडे बोट दाखवीन.

चित्रपट घडला कसा, ते थोडक्यात सांगतो. लान्झमान फ्रेंच ज्यू, जन्म १९२५ चा, तरुणपणी नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकारात लढलेला, पुढे सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांच्या मासिकाच्या वर्तुळातला. १९७३-७४ च्या सुमारास त्याने हे काम हाती घेतलं आणि पुरी अकरा-बारा वर्षं तो त्यातच बुडून गेला. सुरुवातीच्या तयारीत त्याचा मुख्य आधार होता हिलबर्ग यांचा ग्रंथ, ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज’. हा ग्रंथ १९६१ साली शिकागोच्या एका छोट्या प्रकाशनाने काढला, तोही अनेक मोठ्या दारांवरून परत आल्यावर. नकार देणाऱ्यांत जेरुसलेमची याद वाशेम ही स्मारक-संस्थाही होती. तक्रार अशी की हिलबर्ग जवळजवळ सर्वस्वी जर्मन कागदपत्रांवर विसंबतात, बळी गेलेल्यांचा आवाज त्यात नाही, ज्यू प्रतिकाराला न्याय नाही. तक्रार पोकळ नव्हती. पण हिलबर्गना शोध होता यंत्रणेचा. व्याख्या, मालमत्तेची जप्ती, एकत्र कोंडणं, संहार, अशा पायऱ्यांनी एका आधुनिक राज्याची कचेरी न कचेरी या कामाला कशी लागली, हे त्यांनी फाइलींमधून उभं केलं. व्हिएन्नात जन्मलेला, तेराव्या वर्षी देश सोडावा लागलेला हा मुलगा मोठेपणी आपल्या छळकर्त्यांच्या जावक-आवक नोंदी वाचत बसला.

चित्रपटात हिलबर्ग म्हणतात की त्यांनी मोठ्या प्रश्नांपासून कधी सुरुवात केली नाही. उत्तरं तोकडी निघतील याची त्यांना भीती होती. म्हणून ते बारीकसारीक तपशिलांकडे वळले. लान्झमाननेही हीच रीत उचलली. साडेनऊ तासांत ‘हे असं का घडलं?’ हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. येतात ते असे प्रश्न: इंजिन गाडीच्या पुढे होतं की मागे? डबे किती? थंडी होती का? झाडं तेव्हाही एवढीच उंच होती? आपल्या रसव्यवस्थेच्या भाषेत बोलायचं तर करुण आणि बीभत्स या दोन्ही रसांना इथे सहज रान मोकळं मिळालं असतं. आलें रेने याच्या १९५६ च्या ‘नाइट अँड फॉग’मध्ये प्रेतांच्या राशी आहेत, आणि अवघ्या बत्तीस मिनिटांत तो अनुभव अंगावर येतो. ‘शोआ’त एकही जुनं छायाचित्र नाही, जुन्या फिल्मचा एक तुकडा नाही. दिसतात ती माणसं १९७० च्या दशकातली: वृद्ध होत चाललेली, स्वेटर घातलेली, घरात, बागेत, शेताच्या बांधावर. आणि दिसतात जागा: गवत, पाइनची झाडं, दगड, रूळ.

रूळ तर सतत. म्हणून या चित्रपटाकडे मी रेल्वेच्या अंगाने पाहतो.

हेन्रिक गाव्कोव्स्की हा पोलिश इंजिन ड्रायव्हर. युद्धकाळात त्याने ट्रेब्लिंकाच्या गाड्या चालवल्या. लान्झमानने एक वाफेचं इंजिन भाड्याने घेतलं आणि त्याला पुन्हा त्यावर चढवलं. गाव्कोव्स्की खिडकीतून बाहेर झुकतो, मागे वळून पाहतो. मागे डबे नाहीत, पण त्याची मान अशी वळते की आपल्याला ते दिसू लागतात. स्टेशनची पाटी समोर येते: ट्रेब्लिंका. आणि कुणी सांगितलेलं नसताना तो आपल्या गळ्यावरून बोट फिरवतो. लान्झमानने नंतर सांगितलं की ही कृती त्याची स्वतःची, दिग्दर्शकाने मागितलेली नाही. चित्रपटाच्या जाहिरातींवर याच गाव्कोव्स्कीचा इंजिनातून झुकलेला चेहरा छापला गेला.

या खुणेचा अर्थ काय? चित्रपट ती एकदाच दाखवून सोडत नाही. ट्रेब्लिंकाच्या आसपासचे शेतकरीही हीच खूण करून दाखवतात आणि म्हणतात, आम्ही डब्यातल्या लोकांना सावध करत होतो. त्या डब्यातून आलेला आणि पुढे जगून वाचलेला रिखार्ड ग्लाझार दुसऱ्या बाजूने सांगतो: बाहेरून कुणीतरी गळ्यावर बोट फिरवलं, आम्हाला काही कळलं नाही. एकच हावभाव, रुळाच्या बाहेरून आणि डब्याच्या आतून. तो इशारा होता, कीव होती, की उपहास? शेतकऱ्यांपैकी काहींच्या ओठांवरचं हसू पाहून उत्तर सोपं वाटतं. गाव्कोव्स्कीचे खोल गेलेले डोळे पाहिले की ते अवघड होऊन बसतं. गाड्या ओढण्यासाठी जर्मन आम्हाला दारू देत, त्याशिवाय तो वास आणि ते आवाज सहन झाले नसते, असं तो सांगतो. लान्झमान त्याला दोषी ठरवत नाही, सोडूनही देत नाही. विचारतो ते एवढंच: छावणीत डबे ओढत नेलेत की ढकलत? ढकलत, तो म्हणतो. स्टेशनवर लांबलचक गाडीचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा इंजिनाने मागून आत रेटायचा. म्हणजे इंजिन मागे, माणसं पुढे. एका तांत्रिक तपशिलातून दृश्य असं डोळ्यांसमोर येतं की वेगळ्या वर्णनाची गरज उरत नाही.

सोबिबोर या दुसऱ्या संहारछावणीच्या स्टेशनवर यान पिव्होन्स्की आहे, तेव्हाचा सहायक सांधेवाला. चित्रणाच्या वेळी स्टेशन चालू होतं. लान्झमान त्याला विचारतो, छावणीची हद्द कुठून सुरू होत होती? पिव्होन्स्की दाखवतो. लान्झमान त्या रेषेपाशी जातो आणि विचारतो, म्हणजे मी इथे उभा असलो तर पोलंडमध्ये, रोजच्या व्यवहारात. आणि तिकडे गेलो की छावणीच्या आत? पिव्होन्स्की हो म्हणतो. अंतर फक्त काही पावलांचं. दिग्दर्शकाच्या हातात पुरावा म्हणून दाखवायला यातलं काहीही उरलेलं नाही. नाझींनी जाताना छावण्या पाडल्या, जमीन नांगरली, झाडं लावली. मग तो स्वतःचे पाय वापरतो. गेलेलं काही पुन्हा उभं करायचा आव न आणता, नुसत्या पावलांनी जागा मोजायची. मला हा भाग या चित्रपटातला सगळ्यात शहाणा वाटतो.

आणि मग वाल्टर श्टीर. जर्मन रेल्वेतला अधिकारी, पोलंडमध्ये विशेष गाड्यांचं नियोजन करणारा, आधी क्राकोव, नंतर वॉर्सा. याचं चित्रण चोरून केलेलं आहे. तो सांगतो, मी कायम टेबलाला खिळलेलो असे, रात्रंदिवस काम, एकही गाडी मी पाहिली नाही. ट्रेब्लिंका? आमच्या लेखी ते गाड्यांचं शेवटचं स्थानक, बाकी काही नाही. बोलता बोलता त्याला एका छावणीचं नाव हवं असतं. आठवत नाही. तो जिल्हा आठवून पाहतो, ओपेल्नच्या भागात होती ती… मग सापडतं: आउशवित्झ. हे नाव विसरता येतं? की विसरल्याचं नाटक आहे? मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला, तरी ठरवता आलं नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला आपल्या कामाची ठिकाणं रेल्वेच्या विभागावरूनच आठवावीत, यात मात्र कसलंही नाटक नाही. हिलबर्ग आदेश क्रमांक ५८७ मध्ये जे वाचून दाखवतात, ते लिहिणाऱ्या जगातला माणूस आपल्यासमोर बसलेला असतो, आणि त्याला त्यात वाचण्यासारखं काहीच दिसत नाही.

या गाड्यांचं भाडंही आकारलं जात असे. हिलबर्ग ते सहलीच्या दरपत्रकासारखं समजावतात. दर प्रवाशी, दर किलोमीटर, तिसऱ्या वर्गाचं. चार वर्षांखालची मुलं फुकट, दहा वर्षांखालची अर्ध्या भाड्यात. चारशेच्या वर माणसं असली की समूह-सवलत. तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचं तेवढं परतीचं. मध्य युरोपीय प्रवास कार्यालय नावाची जी संस्था लोकांना सुट्टीला धाडत असे, तिच्याच मार्फत हा हिशेब होई. पैसे येत ज्यूंकडून जप्त केलेल्या संपत्तीतून. ग्रीसमधल्या सालोनिकाहून ४६,००० ज्यू नेले तेव्हा बिल जवळपास वीस लाख मार्कांचं झालं, आणि परकी चलनाचा घोळ उभा राहिला, कारण जप्त पैसा ग्रीक ड्राख्मांत आणि रेल्वेला हवे होते मार्क. हिलबर्ग हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कधी कधी किंचित हसू तरळतं. पहिल्यांदा पाहताना ते खटकतं. मग समजतं: पुरावा हाती लागलेल्या संशोधकाचं ते कोरडं समाधान आहे, आणि त्याच्यामागे संताप दाबून ठेवलेला आहे. युद्धाच्या ऐन धामधुमीत, डब्यांची टंचाई असताना, जर्मन रेल्वेच्या सुमारे १४ लाख माणसांपैकी कुणी या गाड्यांना ‘डबे शिल्लक नाहीत’ असं म्हटलं नाही.

कागद वाचण्याची आणखी एक जागा आहे, आणि इथे लान्झमान स्वतः वाचतो. जून १९४२ मधलं एक पत्र, धूर सोडून माणसं मारणाऱ्या बंद मोटारगाड्यांबद्दलचं. पत्र लिहिणाऱ्याला सुधारणा सुचवायच्या आहेत: गाडीची लांबी कमी करावी, तळाशी धुऊन काढण्यासाठी झाकण असावं, आतला दिवा सुरुवातीला चालू ठेवावा, कारण अंधार झाला की ‘भार’ दाराकडे धाव घेतो. लान्झमान हे वाचत असताना पडद्यावर दिसतो तो चित्रणाच्या काळातला जर्मनी: कारखाने, रस्ते, वाहतूक. शेवटी कॅमेऱ्यासमोर एक ट्रक येतो, त्याच्यावर नाव आहे सौरर. पत्रातल्या गाड्या याच कंपनीच्या. त्या नावावर कॅमेरा जरासा थबकतो, बस्स. दुसऱ्या कुणी इथे पार्श्वसंगीत टाकलं असतं. ‘शोआ’त पार्श्वसंगीत नाहीच; गाणी येतात ती फक्त माणसांच्या तोंडून.

अशा तोंडून आलेलं एक गाणं फ्रान्झ सुखोमेलचं. ट्रेब्लिंकातला हा एसएसचा माणूस; १९६५ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. लान्झमानने त्याला पैसे दिले, नाव उघड करणार नाही असा शब्द दिला, आणि पिशवीत दडवलेल्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण केलं. बाहेर उभ्या व्हॅनमध्ये तंत्रज्ञ तो दाणेदार, काळा-पांढरा संकेत पकडत होते. चित्रपटात आपण ती व्हॅनही पाहतो. सुखोमेल हातात छडी घेऊन छावणीचा नकाशा समजावतो, एखाद्या मास्तरसारखा, आणि ज्यू कैद्यांना पाठ करायला लावलेलं छावणीचं गाणं म्हणून दाखवतो, तेही दोनदा. दिलेला शब्द दिग्दर्शकाने मोडला, तोही पडद्यावर, आपल्यादेखत. हे नैतिक होतं का, यावर पुष्कळ वाद झाले. माझं मत सरळ आहे: चोरी लपवली असती तर ती चोरी ठरली असती, व्हॅन दाखवून लान्झमानने तिची जबाबदारी घेतली. अशाच एका प्रयत्नात तो पकडला गेला आणि बेदम मार खाऊन रुग्णालयात पडला.

आब्राहम बोंबाबद्दल मात्र मी इतका ठाम नाही. बोंबा पोलंडमधल्या चेस्तोखोवाचा न्हावी. ट्रेब्लिंकात गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापायचं काम त्याच्यावर आलं. लान्झमानने इस्रायलमध्ये एक केशकर्तनालय भाड्याने घेतलं आणि निवृत्त बोंबाच्या हाती पुन्हा कात्री दिली. खुर्चीत त्याच्या ओळखीचा एक माणूस. कात्री चालते, केस काही फारसे कापले जात नाहीत. आरसे होते का? बाकं किती? किती न्हावी? बोंबा इंग्रजीत उत्तरं देत जातो, सपाट आवाजात, जणू दुसऱ्याचीच हकीकत. मग तो एका न्हावी मित्राबद्दल सांगू लागतो, ज्याची बायको आणि बहीण त्या खोलीत आली. आणि थांबतो. तोंड पुसतो, ओठ चावतो, मान हलवतो. कॅमेरा जवळ जातो. मिनिटं जातात. लान्झमान म्हणतो, सांगायला हवं. बोंबा नको म्हणतो. लान्झमान पुन्हा आग्रह धरतो, समजावतो, माफी मागतो, पण सोडत नाही. शेवटी बोंबा सांगतो.

हे दृश्य चित्रपटाचं शिखर मानलं जातं आणि सिनेमाच्या अभ्यासात ते हमखास येतं. त्याची ताकद नाकारायचं कारण नाही: हातांना जे माहीत होतं ते जिभेवर यायला पस्तीस-एक वर्षं लागली, ते आपल्यासमोर घडतं. पण तिथे माणसाला ढकलत नेणाऱ्या दिग्दर्शकाचाही आवाज आहे, आणि तो मला दर वेळी खुपतो. बोंबा नंतर लान्झमानवर नाराज झाला नाही, हे खरं. तरी एवढ्याने प्रश्न मिटत नाही. आदेश ५८७ कडे तासन्तास पाहावं, त्याच्याकडून उत्तर उकलावं. कागदाला इजा होत नाही. माणसाची गोष्ट तशी नाही.

पोलिश साक्षीदारांच्या मुलाखतींत आणखी एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्याजोगी. लान्झमानला पोलिश येत नव्हतं. शेजारी दुभाषी बार्बरा यानिच्का. तो फ्रेंचमध्ये विचारतो, ती पोलिशमध्ये, उत्तर पोलिशमध्ये, मग फ्रेंच. दुसऱ्या कुणी संकलनात हा सगळा खटाटोप कापला असता. संकलक झिव्हा पोस्टेक आणि लान्झमान यांनी तो ठेवला. त्यामुळे होतं असं की माणूस बोलत असताना आपल्याला शब्द कळत नाहीत, म्हणून आपण चेहरा पाहतो. आणि अर्थ येतो तेव्हा तो चेहरा आपल्या मनात आधीच उमटलेला असतो. पोलिश जाणणाऱ्यांनी पुढे दाखवून दिलं की यानिच्का काही ठिकाणी बोलणाऱ्यांचा ज्यूंविषयीचा हिणवणारा सूर मवाळ करून सांगत होती. म्हणजे शोधाच्या या रीतीलाही गाळणी होती. ती पडद्यावर ठेवली म्हणूनच तपासता आली.

पोलंडमधल्या हेल्म्नो गावच्या चर्चसमोरचा प्रसंग याच संदर्भात पाहावा. शिमोन स्रेब्निक तेरा-चौदा वर्षांचा असताना तिथल्या छावणीत कैदी होता. आवाज गोड, म्हणून जर्मन त्याला नेर नदीत नावेतून नेताना गायला लावत. जानेवारी १९४५ मध्ये डोक्यात गोळी घालूनही तो वाचला. लान्झमान त्याला परत तिथे घेऊन जातो. चर्चपुढे गावकऱ्यांचा घोळका त्याला मध्ये घेऊन उभा आहे, सगळे खूश, आपला शिमोन जिवंत आहे! तो हसतोय. मग बोलणं वाढतं. ज्यूंच्या भांड्यांच्या दुहेरी तळांत सोनं होतं, कुणी म्हणतं. मग चर्चचा ऑर्गनवादक पुढे होऊन कुणा रब्बीच्या तोंडी ख्रिस्ताच्या रक्ताची जुनी कथा घालतो: म्हणजे भोगलं ते ज्यूंनी आपल्याच पापाचं. स्रेब्निक काही बोलत नाही. त्याचं हसू ओठांवर तसंच राहतं आणि डोळ्यांतून निघून जातं. एका चौकटीत प्रेमाने भेटलेली माणसं त्याला पुन्हा एकटं पाडतात.

पोलंडमध्ये चित्रपटावर संताप उसळला. तिथल्या सरकारने फ्रान्सकडे निषेधही नोंदवला. त्यात राजकारण होतं, पण थोडं तथ्यही होतं. चित्रपटात पोलिश माणूस दिसतो तो बहुतेक खेड्यातला, रुळांच्या कडेचा. यान कार्स्की हा ठळक अपवाद: वॉर्सा घेट्टो स्वतः पाहून ती वार्ता पश्चिमेकडे नेणारा पोलिश दूत. बोलायला सुरुवात करताच त्याला रडू फुटतं आणि तो चौकटीबाहेर निघून जातो, मग परत येतो. त्याने चित्रपटाला थोर म्हटलं, आणि त्याच वेळी ज्यूंना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घातलेल्यांना त्यात जागा नाही, अशी खंतही मांडली. अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्टना भेटल्याची त्याची हकीकत लान्झमानने चित्रित केली होती, पण ती वापरली २०१० मध्ये, ‘द कार्स्की रिपोर्ट’ या वेगळ्या चित्रपटात.

अभ्यासकाच्या नजरेने आणखी एक सांगायला हवं. चित्रपटाच्या आरंभीच्या मजकुरात हेल्म्नोत चार लाख ज्यू मारले गेले असा आकडा आहे. नंतरच्या संशोधनाने तो बराच खाली आणला, दीड लाखाच्या वर एवढा. ‘शोआ’ संदर्भग्रंथ म्हणून वापरू नये, एवढंच यातून घ्यायचं. आकड्यांसाठी हिलबर्ग आहेत, त्यांच्यानंतरचे अभ्यासक आहेत. हिलबर्गनीसुद्धा आपल्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढण्याचं काम अखेरपर्यंत सोडलं नाही, २००३ साली ती तिसऱ्यांदा आली.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख बहुधा अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतून आणि ‘शिंडलर्स लिस्ट’मधून होते. दोन्हींत एक माणूस आहे, ज्याच्यावर जीव जडतो. ‘शोआ’ तसा धागा देत नाही, म्हणून तो सुरुवातीला कोरडा, लांबलेला वाटतो. तेव्हा तो सलग पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन भागांत आहे, चार बैठकांत पाहावा. घाईत असाल तर निदान गाव्कोव्स्की, श्टीर आणि हिलबर्ग हे तिघे लागोपाठ पाहावेत. गाडी चालवणारा, गाडी ठरवणारा आणि गाडीचा कागद वाचणारा. पण एक उणीव मनात ठेवून पाहावा: यात बायका फारच कमी बोलतात, आणि बोलतात त्या थोडा वेळ. ते चित्रण झालं नव्हतं असं नाही. न वापरलेलं सुमारे २२० तासांचं फुटेज आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात जतन केलेलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. त्यातूनच रूथ एलियास, पाउला बिरेन, आदा लिख्टमान आणि हाना मार्टन या चौघींच्या मुलाखतींचा ‘द फोर सिस्टर्स’ उभा राहिला. तो फ्रान्सच्या चित्रगृहांत लागला ४ जुलै २०१८ ला. दुसऱ्या दिवशी लान्झमान वारला, वयाच्या ९२ व्या वर्षी.